डोंगराकडची बाजू

पत्रक आणलं फुसाएने, आणि आणलं तेही हसत हसत. कुरिहारा तेव्हा शिडीवर चढून बिवाची फळं उतरवत होता. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने शिडीवर चढू नये, असं त्याला गावातल्या सगळ्यांनी सांगून झालं होतं. म्हणून तर तो रोज चढायचा.

"कुरि-सान, खाली या. आपली दोनशेसात येतेय."

"कुठून येतेय? तिचं भंगार होऊन सहा वर्षं झाली."

"खेळण्यात येतेय. बघा तरी."

कुरिहारा खाली उतरला आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला. गुळगुळीत कागदावर रंगीत छापलं होतं: इसोने रेल्वे, डिझेल डबा क्रमांक दोनशेसात, शेवटच्या वर्षांतलं रूप, दीडशेपट लहान. येत्या हिवाळ्यात बाजारात. आगाऊ मागणी नोंदवण्याची शेवटची तारीख तीस जून. खाली डब्याची दोन चित्रं होती. वर समुद्राकडची बाजू, खाली डोंगराकडची. सायीचा रंग, त्यावर निळा पट्टा. तो रंग कुरिहाराने चौतीस वर्षं स्वतःच्या हाताने लावला होता. छपाईत तो किंचित पिवळा उतरलाय हे त्याला लगेच दिसलं, पण तेवढ्यावर तो भांडला नसता.

खालच्या चित्रावर त्याने बोट ठेवलं आणि डब्याच्या बंदर स्टेशनकडच्या टोकाकडून खिडक्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"सहावी खिडकी उघडी आहे," तो म्हणाला.

फुसाएचं हसणं थांबलं. "असू दे हो. खेळणं आहे ते."

"यावर 'शेवटच्या वर्षांतलं रूप' लिहिलंय. शेवटची सोळा वर्षं तिथे खिडकी नव्हती."

"मला सांगताय?" फुसाए म्हणाली. तिचा डावा डोळा काचेचा होता. उजव्या डोळ्याने तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली की कुरिहारा उगाचच टोपलीतली फळं चाळायला लागला.

बावीस वर्षांपूर्वी, जून महिन्यात, पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, तेव्हाची गोष्ट. नारोशी बोगद्याच्या अलीकडे डोंगराचा कडा रुळाला अगदी खेटून आहे. तिथे जाळी बांधा म्हणून यार्डातल्या लोकांनी कंपनीला तीनदा लिहून दिलं होतं. तिन्ही अर्जांना उत्तर आलं, की विचार चालू आहे. विचार चालू असतानाच दुपारच्या गाडीवर दगड आला. फार मोठा नव्हता, एखाद्या भोपळ्याएवढा. तो सहाव्या खिडकीतून आत शिरला. त्या खिडकीशी कंडक्टर इनागे फुसाए एका शाळकरी मुलीला सुटे पैसे देत उभी होती. मुलीला खरचटलंसुद्धा नाही.

गाडी यार्डात आली तेव्हा कंपनीचे व्यवस्थापक आधीच येऊन थांबले होते. त्यांनी फुसाएची चौकशी केली, नाही असं नाही. पण पहिला प्रश्न होता, सकाळच्या गाडीला डबा मिळेल का. त्या मापाची काच गोदामात नव्हती. व्यवस्थापक म्हणाले, पत्रा लावा, दोन आठवड्यांत काच मागवू. कुरिहाराने पत्रा कापला, बारा रिवेट मारले, रिवेटची डोकी घासून सपाट केली, वरून लांबीची पुट्टी भरली, पुन्हा घासली आणि रंग दिला. सकाळी व्यवस्थापकांनी तिथे हात फिरवून पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, वा, कळतसुद्धा नाही. त्या दिवशी कुरिहाराला स्वतःच्या कसबाचा अभिमान वाटला होता. पुढे बावीस वर्षं त्याच अभिमानाची त्याला शिसारी येत राहिली.

काच कधीच आली नाही. कंपनीच्या नोंदवहीत लिहिलं गेलं: खिडकीची काच तडकली, वाहतुकीवर परिणाम नाही. आठ महिन्यांनी फुसाए कामावर परतली ती बंदर स्टेशनच्या तिकीट खिडकीवर. एका डोळ्याला अंतर कळत नाही, चालत्या गाडीत उभं राहता येत नाही. पहिल्याच दिवशी ती यार्डात आली, त्या पत्र्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "किती सफाईदार केलंय, कुरि-सान. जणू काही झालंच नाही." ती टोचून बोलली की मनापासून, हे विचारायचं धाडस त्याला आजवर झालं नव्हतं.

पत्रक आलं त्याच दुपारी कुरिहाराने खेळण्याच्या कंपनीला फोन लावला. तोबिशिमा मॉडेल नावाची छोटी कंपनी होती ती, एकेका डब्याची दोन-दोनशेच खेळणी काढणारी. फोनवरच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं, दहादा आभार मानले आणि विचारलं, "त्या बाजूचा फोटो आहे का आपल्याकडे?"

"फोटो कशाला? पत्रा मी लावलाय."

"हो, हो. अगदी बरोबर. फक्त फोटो असता तर…"

पुढच्या आठवड्यात त्याने आणखी दोनदा फोन केला. दर वेळी तेच गोड बोलणं आणि शेवटी तोच फोटो. तिसऱ्या वेळी ती मुलगी म्हणाली की या डब्याचं संशोधन सेंबा-सेन्सेईंनी केलंय, त्यांच्याकडे इसोने रेल्वेचे चार हजार फोटो आहेत. मे महिन्यात शिझुओकाला प्रदर्शन आहे, तिथे नमुना मांडणार आहोत, सेन्सेईही येतील, आपण अवश्य यावं. यावं असं तिने केवळ रीत म्हणून म्हटलं होतं. कुरिहाराने ते आमंत्रण समजून तिकीट काढलं.

"मीपण येते," फुसाए म्हणाली.

"तू तर म्हणालीस खेळणं आहे."

"तुम्ही तिथे कोणाच्या तरी अंगावर धावून जाल. धरायला कोणीतरी हवं."

प्रदर्शनाच्या दालनात नुसती गर्दी होती, पण गोंगाट नव्हता. मोठमोठे बाप्ये डोळ्याला भिंग लावून काचेच्या पेट्यांवर वाकले होते आणि आपसात कुजबुजत होते. यंदा कोणतं इंजिन येणार, कोणता मालडबा पुढच्या वर्षावर गेला, कोणत्या कंपनीने छताचा पंखा चुकवला. लग्नाच्या मुली बघाव्यात तसे ते डबे बघत होते, आणि नाकं मुरडण्यातही कमी नव्हते.

तोबिशिमाची पेटी कोपऱ्यात होती. आत वीतभरही नसलेला, रंग न दिलेला राखाडी डबा, समोर पाटी: 'नमुना, तयार मालात बदल संभवतो'. डब्याची समुद्राकडची बाजू लोकांकडे होती. मागे भिंतीवर एक भलंमोठं छायाचित्र लावलं होतं. खाडीच्या पुलावर दोनशेसात, अंगभर ऊन, मागे हिरवागार डोंगर. खाली नाव: सेंबा इकुओ.

कुरिहारा पेटीसमोर उभा राहिला आणि पहिली दोन मिनिटं त्याचा राग कुठल्या कुठे गेला. दाराखालची पायरी, इंजिनाच्या टाकीचं झाकण, छतावरची ती वाकडी नळी, सगळं होतं. असं काम करणाऱ्याचे हात धरावेत असं त्याला वाटलं. मग तो पेटीला वळसा घालून मागे गेला, वाकला, आणि सहाव्या खिडकीतून त्याला पलीकडे उभी असलेली फुसाए आरपार दिसली. राग परत आला, आणि येताना व्याज घेऊन आला.

"इथला जबाबदार माणूस कोण?" त्याने विचारलं.

तिशी-पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस पुढे आला आणि कमरेत वाकला. "मी होरिगोमे. योजना विभाग बघतो. आपण… कुरिहारा-सान ना? फोनवरचे?"

"फोनवरचा आणि यार्डातलाही. डोंगराकडची सहावी खिडकी बुजवा. मागणीची तारीख संपायच्या आत."

होरिगोमेने मदतीसाठी शेजारी बघितलं. शेजारी पन्नाशीचे गृहस्थ होते, अंगात बारा खिशांचं जाकीट, प्रत्येक खिशात काहीतरी. हेच सेंबा-सेन्सेई. व्यवसायाने दातांचे डॉक्टर, पण आठवड्याचे दोन दिवस दवाखाना बंद ठेवून रुळाकडेला उभे राहणारे.

"इसोनेच्या यार्डातले?" सेंबांचे डोळे चमकले. "केवढं भाग्य आमचं. बसा ना, बसा. मला इंजिनाच्या आवाजाबद्दल विचारायचं होतं—"

"आवाजाचं नंतर. खिडकी."

"हां, खिडकी." सेंबांनी हातातली पाटीएवढी स्क्रीन पुसली. "असं आहे कुरिहारा-सान, माझ्याकडे दोनशेसातचे एक हजार एकशे बारा फोटो आहेत. दुसऱ्या छांदिष्टांचे मिळून आणखी तीन हजार. कशातही पत्रा नाही."

"कुठल्या बाजूचे आहेत?"

"कुठल्या म्हणजे?"

"समुद्राकडचे की डोंगराकडचे?"

सेंबा हसले, पोराच्या प्रश्नाला हसावं तसं. "ऊन दक्षिणेकडून येतं. फोटो काढणारा पाठीवर ऊन घेऊन उभा राहतो. सावलीतली बाजू कोण काढेल? शिवाय तिकडे कडा आहे, उभं राहायला वीतभर जागा नाही. फलाटही सगळे समुद्राकडे."

"आणि डबा उलटा फिरवायची सोय त्या मार्गावर नव्हती," कुरिहारा म्हणाला. "म्हणजे तिची डोंगराकडची बाजू जन्मभर डोंगराकडेच राहिली. तुमच्या चार हजारांतल्या एकानेही ती बघितली नाही. बरोबर?"

"एकाच कारखान्याचे डबे दोन्ही बाजूंनी सारखेच असतात. मूळ नकाशा आहे आमच्याकडे."

"नकाशा डबा बांधला तेव्हाचा. दगड पडला त्यानंतर."

सेंबांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. आवाज मऊ करून ते म्हणाले, "राग मानू नका. माझ्या वडिलांचंही असंच व्हायचं. एका डब्याची आठवण दुसऱ्याला जोडली जाते. आपण पुष्कळ डबे दुरुस्त केले असतील. आमच्या या कामात एक शिस्त आहे बघा, पुराव्याशिवाय आम्ही एक रिवेटसुद्धा इकडचा तिकडे करत नाही."

कुरिहाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षं ज्याने त्या डब्याखाली पाठीवर झोपून तेल अंगावर घेतलं, त्याला हा दात उपटणारा माणूस सांगत होता की तुला आठवत नाही. आणि किती प्रेमाने सांगत होता. उन्हात उभं राहून काढलेल्या चार हजार फोटोंची फुशारकी, आणि त्या चार हजारांत एकालाही पलीकडे जाऊन बघावंसं वाटलं नाही. फुसाएने त्याची बाही धरली. तिला वाटलं, आता हा पेटीची काच फोडणार.

पण कुरिहारा पेटीकडे बघतच नव्हता. तो मागच्या भिंतीवरच्या छायाचित्राकडे बघत होता.

"हा फोटो तुमचा ना?"

"हो." सेंबा किंचित ताठ झाले. "त्याला पारितोषिक मिळालं होतं. डबा जायच्या दोन वर्षं आधीचा."

"खिडक्यांतून मागे काय दिसतंय?"

"डोंगर. ती हिरवाई आरपार दिसावी म्हणून तर मी सकाळची वेळ—"

"मोजा. बंदराच्या टोकाकडून."

सेंबांनी मोजलं. पहिल्या खिडकीत हिरवं. दुसरीत हिरवं, तिसरीत, चौथीत, पाचवीत. सहावी काळी होती. सातवीत पुन्हा हिरवं, आठवीत हिरवं.

"पडदा ओढलेला असेल," होरिगोमे म्हणाला.

"दुसरा फोटो काढा," कुरिहारा म्हणाला.

सेंबांनी स्क्रीनवर बोट सरकवलं. चेरी फुललेली, सहावी काळी. भातशेती कापून झालेली, सहावी काळी. रिकामी गाडी, एकही प्रवासी नाही, सहावी काळी. सेंबांचं बोट आधी झरझर चालत होतं, मग हळू झालं. आजूबाजूचे भिंगवाले जमा झाले आणि खांद्यावरून डोकावायला लागले. कोणीतरी स्वतःचा फोन काढून स्वतःचे फोटो तपासू लागलं. चौदा-पंधरा फोटोंनंतर एकाने हळूच म्हटलं, "अरे, माझ्याकडेपण."

"सोळा वर्षं एकच पडदा ओढून ठेवलाय म्हणा की," कुरिहारा म्हणाला. "माझी आठवण बिघडली. तुमच्या कॅमेऱ्याचीपण बिघडली का?"

सेंबा खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता, आणि क्षणभर कुरिहाराला त्यांची दयाही आली. पण पुढच्याच क्षणी तो चेहरा उजळला, आणि दया वाया गेली.

"होरिगोमे-सान," सेंबा म्हणाले, "ही फार मोठी गोष्ट आहे. हे आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही. फोटोंच्या अभ्यासातून हे उघडकीला आलं असं आपण पत्रकात लिहू."

"अभ्यासातून," कुरिहारा म्हणाला.

"म्हणजे, आपल्या सहकार्याने."

होरिगोमेने वही काढली होती. तो माणूस वाईट नव्हता, फक्त नोकरीत होता. "साचा अजून पक्का केलेला नाही, बदल करता येईल. चूक समोर आणल्याबद्दल आभारी आहे, कुरिहारा-सान. पत्रा कशामुळे लावला, ते सांगाल का? पुस्तिकेत दोन ओळी घालू."

कुरिहाराने सांगितलं. तीन अर्ज सांगितले, विचार चालू असल्याचं सांगितलं, दगड सांगितला. फुसाएकडे बोट दाखवलं नाही, पण ती बाजूलाच उभी होती आणि तिचा डोळा सगळ्यांना दिसत होता. होरिगोमेची पेन्सिल अर्ध्यातच थांबली.

"हे… हे छापता येणार नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "नाव आणि रंग वापरायची परवानगी इसोनेच्या मूळ कंपनीकडून घ्यावी लागते. त्यांच्या बसगाड्या अजून चालतात. पुस्तिकेतला शब्द न् शब्द ते तपासतात. आम्हाला 'देखभालीतला बदल' एवढंच लिहिता येईल."

"देखभाल," कुरिहारा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं फुसाएला वाटलं. "जाळी बांधली नाही, काच आणली नाही. त्याला देखभाल म्हणायचं."

"मला समजतंय. पण ते एक अक्षर पुढे जाऊ देणार नाहीत. डब्याच्या आकाराबद्दल मात्र ते काही बोलत नाहीत. ते आमच्या सेन्सेईंवर सोडलेलं आहे."

"शब्द जात नाही, आकार जातो."

"हो. तसंच म्हणायचं."

सेंबांनी तोवर कोरा कागद पुढे ओढून खिडकीचा चौकोन आखलाही होता. "आकाराचं सांगा ना कुरिहारा-सान. पत्रा बाहेरून कसा दिसायचा? सपाट ना? सपाट असेल तर काम सोपं आहे. खिडकी भरून टाकायची, रंग एकच. दीडशेपट लहान केल्यावर तर कळणारही नाही."

कळणारही नाही. कुरिहाराने हे शब्द आधी एकदा ऐकले होते. त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. पुट्टी किती पातळ भरली होती, कोणत्या नंबरच्या पॉलिश कागदाने घासली होती, ते त्याला आजही पाठ होतं. खरं उत्तर एका शब्दाचं होतं. सपाट. तळहात फिरवला तरी लागणार नाही इतकं सपाट. गेले दोन आठवडे तो खऱ्यासाठीच तर भांडत होता.

"नाही," तो म्हणाला. "रिवेट होते. बारा. वर चार, खाली चार, दोन्ही कडांना दोन-दोन. चांगले ठसठशीत, वाटाण्याएवढे. दुरूनसुद्धा दिसायचे."

सेंबांनी भुवया उंचावल्या. "आश्चर्य आहे. त्या काळात डोकी घासून सपाट करायची पद्धत होती. सगळीकडेच."

"सगळीकडे असेल."

"म्हणजे वाटाण्याएवढे ठेवले? प्रवासी गाडीला? एखादा फोटो—"

"डोंगराकडचा?" कुरिहारा म्हणाला. "तुम्हीच सांगा, आहे का कोणाकडे?"

भिंगवाले एकमेकांकडे बघायला लागले. सेंबांनी पेन्सिल कागदावर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. पुराव्याची सवय जायला वेळ लागतो. शेवटी ते फुसाएकडे वळले.

"आपणही इसोनेच्याच ना?"

"कंडक्टर होते. नंतर तिकीट खिडकीवर."

"मग आपण तो पत्रा पाहिला असेल."

"रोज," फुसाए म्हणाली.

"रिवेट आठवतात?"

कुरिहाराने तिच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती. आठ महिन्यांनी यार्डात येऊन पत्र्यावर फिरलेला तो तळहात त्याला दिसत होता. फुसाए पेटीला वळसा घालून मागे गेली, वाकली आणि आपल्या एका डोळ्याने सहाव्या खिडकीकडे बराच वेळ बघत राहिली.

"बारा होते," ती म्हणाली. "वरच्या रांगेतला शेवटचा जरा तिरका होता. मी कितीदा सांगितलं यांना, तो तरी घासा म्हणून. ऐकतील तर शपथ."

"वरच्या रांगेतला शेवटचा, तिरका," सेंबा पुटपुटले, आणि त्यांनी तो तिरका काढला.